मुलांच्या वॉर्डातली शिकलेली सिस्टर हलवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की सरकारी रुग्णालयांत बदल्यांच्या याद्यांची कुजबुज सुरू होते. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने एप्रिल-मे हा काळ ठरवून दिला आहे. त्या कायद्याशी माझं भांडण नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी ठाण मांडून बसणाऱ्यांसाठी तो हवाच. पण त्याच मापाने बालरोग विभागातल्या परिचारिकाही मोजल्या जातात. शिवाय रुग्णालयाच्या आत दर काही महिन्यांनी ड्यूटी फिरते ती वेगळीच. आज मुलांकडे, दिवाळीनंतर अस्थिरोग, उन्हाळ्यात बाह्यरुग्ण विभाग. मी ३२ वर्षं या खात्यात काढली. दोनदा बदली होऊनही त्यातली अकरा वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली, शेवटी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, जन्मजात हृदयविकार अशी मुलं आमच्याकडे गडचिरोली, गोंदिया, पार मध्य प्रदेशातल्या बालाघाटहूनही यायची. त्यांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे.

एक रात्र सांगते. आठ वर्षांचा मुलगा, रक्ताचा कर्करोग, केमो होऊन दहा दिवस झालेले. म्हणजे पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेलेल्या. नाइटला होती ती सिस्टर आठवड्यापूर्वीच अस्थिरोग विभागातून आमच्याकडे आलेली. कामसू, रुग्णांशी गोड बोलणारी. रात्री दीडच्या सुमारास मुलाची आई टेबलापाशी आली. म्हणाली, ‘सिस्टर, पोराचं आंग तापून राह्यलं.’ ताप १०१ होता. सिस्टरने पॅरासिटामॉल दिलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या, नोंद केली. ताप उतरला. मूल झोपलं, आईही झोपली.

दुसऱ्या कुठल्याही वॉर्डात हे सगळं बरोबर ठरलं असतं. पांढऱ्या पेशी इतक्या कमी असलेल्या मुलाला मात्र १००.४ ताप आला तरी डॉक्टरांना उठवायचं, जंतू तपासायला (कल्चरला) रक्त घ्यायचं आणि तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. अशा मुलाला जंतुसंसर्ग झाला तरी पू होत नाही, सूज फारशी येत नाही, कारण पू करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. ताप हीच बहुतेक वेळा एकुलती एक खूण, आणि ती त्या रात्री औषधाने पुसली गेली. सकाळी मी ड्यूटीवर आले तेव्हा मुलाचे हातपाय गार होते, मनगटात नाडी लागत नव्हती. सतरा दिवस तो अतिदक्षता विभागात होता. वाचला. ती सिस्टर स्टोअरमध्ये तोंड झाकून रडत होती. मला म्हणाली, ‘मॅडम, मला कुणी सांगितलंच नव्हतं हो.’ खरं होतं ते. सांगायचं काम माझं होतं, आणि ३८ मुलं व नाइटला दोन सिस्टर अशा त्या आठवड्यात मी तिला वॉर्डाच्या किल्ल्या आणि रजिस्टरं सोडून काहीही समजावून देऊ शकले नव्हते. आजही रात्री जाग आली की मला तो दीडचा सुमार आठवतो.

सुई लावता आली, सलाईन जोडता आलं की कुठेही ड्यूटी करता येते, असा समज वरपर्यंत आहे. केमोचं एकच उदाहरण घ्या. व्हिंक्रिस्टिन किंवा ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर झिरपलं तर मांस जळतं. पण व्हिंक्रिस्टिन झिरपलं तर त्या जागेवर गरम शेक द्यायचा आणि लाल औषध झिरपलं तर थंड. उलट केलं तर इजा वाढते. हेच व्हिंक्रिस्टिन फक्त शिरेतून द्यायचं असतं, तर मेथोट्रेक्सेट त्याच मुलाला मणक्यातून द्यावं लागतं. चुकून व्हिंक्रिस्टिन मणक्यात गेलं तर मूल जवळपास हमखास दगावतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की ते सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्या. पाठीतलं इंजेक्शन असलेल्या दिवशी आम्ही व्हिंक्रिस्टिन त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसू. अशी शिस्त नुसत्या परिपत्रकाने येत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी ती दाखवावी लागते, पुन्हा पुन्हा.

हृदयाच्या मुलांचं तंत्र आणखी निराळं. फॅलोटचं, म्हणजे जन्मतः हृदयात छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असलेलं बाळ रक्त घेताना रडून रडून काळंनिळं पडायला लागलं की नवखी सिस्टर घाबरून त्याला सरळ आडवं करते. जाणती सिस्टर त्याचे गुडघे छातीशी दुमडते, शक्य तर आईच्याच कुशीत, आणि दुसऱ्या हाताने ऑक्सिजन ओढते. अशा निळ्या बाळाच्या सलाईनच्या नळीत हवेचा एवढासा बुडबुडाही चालत नाही, कारण हृदयातल्या छिद्रातून तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. आणि दूध पिताना ज्या बाळाच्या कपाळावर घाम येतो, त्याच्या आईला ‘नीट पाजत जा’ म्हणून दटावायचं नसतं. ते बाळ पिताना दमतं आहे. थोडं थोडं, वरचेवर पाजायचं असतं.

आणि सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा आनुवंशिक आजार विदर्भातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्ट ठरलं, गावोगाव तपासण्या होत आहेत. मनापासून आनंद आहे. पण त्या तपासणीचं कार्ड हातात घेऊन, हाडं फुटल्यासारख्या दुखण्याने तळमळत वॉर्डात आलेल्या मुलाला समोर कोण भेटणार? दुखऱ्या पायावर बर्फ लावणारी सिस्टर भेटली तर दुखणं वाढेल, कारण थंडीने शिरा आकसतात आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी आणखी अडकतात. ‘नाटक करतोय’ म्हणणारी भेटली तर ते मूल पुढच्या वेळी दुखलं तरी सांगणार नाही. असं दात आवळून गप्प पडून राहिलेलं बारा वर्षांचं माडिया आदिवासी मूल मी पाहिलं आहे. त्याला आमची भाषा येत नव्हती. त्याला येणारे दोन-चार शब्द बोलणारी एक सिस्टर आमच्याकडे होती, त्या वर्षीच्या यादीत तिचंही नाव होतं.

थॅलेसेमियाची मुलं, ज्यांच्या अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही, ती तर आयुष्यभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यायला येतात. त्यांच्या शिरा कुठल्या सिस्टरला सापडतात, हे त्यांना पाठ असतं. रक्त सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं खाटेपासून हलायचं नाही, हेही हीच मुलं नव्या सिस्टरला शिकवतात!

हे मी भावनेच्या भरात मागत नाही. मुलांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या ‘सिऑप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परिचारिकांच्या गटाने २०१४ साली, आपल्यासारख्या देशांसाठीच, किमान निकष मांडले. वॉर्डात पाच मुलांमागे एक परिचारिका आणि रुजू होताना स्वतंत्र प्रशिक्षण, या त्यातल्या पहिल्या दोन अपेक्षा. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेचे कर्करोग परिचर्येसारखे एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम आहेत. माझ्या पाहण्यात अशी पदविका घेऊन आलेल्या दोघी होत्या. एकीची नेमणूक रक्तपेढीच्या नोंदणी खिडकीवर झाली.

कुणी म्हणेल, सिस्टरांनाही या वॉर्डातून सुटका हवी असते. काहींना हवी असते, आणि ती मिळाली पाहिजे. ज्या मुलाची वेणी घातली, ज्याला चमच्याने वरण भरवलं, त्याचे डोळे मिटायची वेळ वारंवार येते. प्रत्येकीला ते झेपतंच असं नाही. जिला जायचं आहे तिला जाऊ द्या. पण जी राहायला तयार आहे, जिने चार-पाच वर्षं घालून हे हात कमावले आहेत, तिला तिच्या मनाविरुद्ध उचलू नका. नवी आणायचीच असेल तर तिला किमान एक महिना जुन्या सिस्टरबरोबर जोडीने ड्यूटी द्या, एकटीने नाइट देऊ नका.

याद्या या महिन्यातच तयार होतील. माझी आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांना विनंती आहे की, परिचारिकांच्या नावापुढे सेवाज्येष्ठता आणि ‘एकाच ठिकाणी किती वर्षं’ हे दोन रकाने असतात, तिथे तिसरा एक वाढवा: या मुलांमध्ये किती वर्षं. तो वाचल्याशिवाय सही करू नका. त्या रात्रीची सिस्टर पुढे दोन वर्षांत माझ्या वॉर्डातली सगळ्यांत सावध सिस्टर झाली होती. पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असलेल्या मुलांची यादी ती रोज स्वतःच्या हाताने लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवायची. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात, डोळ्यांच्या वॉर्डात आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, वर्धा
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)