बॅनर कमी लावा, फॉर्म भरून द्या

संपादक साहेब,

२६ जुलैचा कारगिल विजय दिन आला की आमच्या दादरला नाक्यानाक्यावर बॅनर लागतात, जवानाचा फोटो एवढुसा आणि भावी नगरसेवक हात जोडून मोठ्ठे, दोन दिवसांत सगळं पावसात लोंबकळतं. त्या पैशात किती कामं होतील हो! ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून आहे, तो निधी शहीदांच्या बायकापोरांसाठी, माजी सैनिकांसाठी वापरतात, पण आपण शाळेत तो छोटा झेंडा छातीला लावला तेवढाच. गणपतीच्या वर्गणीतले थोडे तिकडे गेले तर बाप्पा काही रागावणार नाही.

आणि जवान पस्तीस-चाळिशीतच रिटायर होतात, आपण त्यांना सरसकट गेटवर सिक्युरिटीला उभं करतो, अरे ज्याने गाड्यांचं वर्कशॉप सांभाळलं त्याला वर्कशॉपचंच काम द्या ना. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, आता तोही संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर ऑनलाइन करायचा, सत्तरीतल्या वीरपत्नीला ते ओटीपीचं कसं जमणार? एनसीसीच्या पोरांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या मदतीला बसवा, परेड काय वर्षभर चालूच असते.

– एक वाचक, दादर