घराघरांतल्या संगणकांनाही देशाच्या विज्ञानात जागा द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : घरातल्या व संगणक केंद्रांतल्या रिकाम्या संगणकांचा वैज्ञानिक गणनेसाठी उपयोग करण्याबाबत

महोदय,

मी हिंगोली जिल्ह्यात संगणक प्रशिक्षणाचं केंद्र चालवतो. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इकडच्या लोकांना तिचं अप्रूप आहे, पण चर्चा होते ती जमिनीच्या भावाची आणि नोकऱ्या किती निघणार याची. त्या यंत्रातून निघणाऱ्या डेटाशी आपला काही संबंध येऊ शकतो, हे कुणाच्या गावीही नाही. संबंध येऊ शकतो, आणि तोही आपल्या मंत्रालयाच्या एका निर्णयानं. म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या लायगोच्या डेटावर जगभरातले सामान्य लोक २००५ पासून घरच्या संगणकावर काम करत आहेत. प्रकल्पाचं नाव आइनस्टाइन अॅट होम. मागे उभ्या आहेत जर्मनीतली माक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ. स्वतःभोवती गरगरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर (म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या अतिघट्ट गाभ्यावर) बारीकसा जरी उंचवटा असला, तर त्यातून अखंड पण अतिशय क्षीण अशा गुरुत्वीय लहरी निघायला हव्यात. तारा आकाशात कुठे आहे, किती वेगानं फिरतो, तो वेग किती हळूहळू कमी होतो, यातलं काहीच आधी माहीत नसतं. मग प्रत्येक दिशा, प्रत्येक वेग ताडून पाहायचा, आणि या कामाचे तुकडे करून ते घराघरांतल्या संगणकांना वाटायचे. त्या लहरी अजून सापडलेल्या नाहीत. मात्र याच प्रकल्पाच्या लोकांनी आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा चाळला तेव्हा २०१० मध्ये एक नवा पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्यानं रेडिओ लहरी पाठवणारा असाच फिरता तारा, हाती लागला, सेकंदाला ४१ फेऱ्या मारणारा. तो पकडला आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झ गावच्या एका माणसाच्या संगणकानं. दोन्ही घरांचा खगोलशास्त्राशी धंदा म्हणून काही संबंध नव्हता.

या कल्पनेचा बोलबाला झाला तो त्याआधी, १९९९ च्या मे महिन्यात, परग्रहावरच्या संदेशांचा शोध घेणाऱ्या बर्कलीच्या सेटी अॅट होममुळे. परग्रहावरचं कुणी काही सापडलं नाही, पण ५० लाखांवर लोकांनी आपला संगणक त्या कामाला लावला. त्याच मंडळींनी पुढे बॉइंक नावाची मोफत प्रणाली बनवली, आणि आज यातले बहुतेक प्रकल्प तिच्यावरच चालतात. मार्च २०२० मध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, प्रथिनांच्या घड्या तपासणाऱ्या फोल्डिंग अॅट होमची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या वर गेली, म्हणजे एक हजार पेटाफ्लॉप. (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतके हिशोब.) आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतला अर्का आणि नोएडातला अरुणिका हे हवामानाचे दोन्ही महासंगणक मिळून साधारण २० पेटाफ्लॉपचे आहेत. (हे आकडे एकाच मापानं मोजलेले नाहीत, त्यामुळे थेट भागाकार करून पन्नासपट म्हणणं बरोबर होणार नाही. तरी अंदाज यावा म्हणून सांगितलं.)

आपले अधिकारी पहिली हरकत घेतील ती नेटवर्कची, म्हणून तीच आधी घेतो. गावाकडच्या ब्रॉडबँडवर असलं काही चालेल का? चालतं. आपल्याकडे बहुतेक घरगुती कनेक्शनला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एका पत्त्यामागे कित्येक घरं बसवलेली असतात. त्यामुळे बाहेरून कुणाला आपल्या संगणकापर्यंत पोचता येत नाही. जाणारा फोन लागतो, येणारा लागत नाही, असा प्रकार. बॉइंकला तेवढंच पुरतं. सर्व्हर घरातल्या संगणकाला कधी हाक मारतच नाही. संगणकच साध्या वेबच्या मार्गानं सर्व्हरकडे जातो, काम मागून आणतो, लाइन तोडतो, तासन्‌तास एकटा हिशोब करतो आणि उत्तर देऊन येतो. राउटरमध्ये एकही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडावं लागत नाही. सेटीच्या कामाचा एक तुकडा जेमतेम साडेतीनशे केबीचा असायचा. व्हॉट्सअॅपवरचा शुभ सकाळचा एखादा व्हिडिओही त्याहून जड असतो. आइनस्टाइनच्या फाइली मोठ्या असतात, पण एकदा उतरवलेल्या फाइलवर बरीच कामं निघतात आणि परत पाठवायचं उत्तर लहान असतं. घरगुती जोडणीत अपलोड मार खातो तो इथे आड येत नाही.

दुसरी अडचण विजेची, आणि ती आमच्याकडे खरीच आहे. भरदुपारी लाइट जाते, यूपीएस चार मिनिटं कोकलतो आणि सगळं बंद. पण हा प्रोग्रॅम ठरावीक वेळानं आपलं काम डिस्कवर टिपून ठेवतो, लाइट आली की शेवटच्या नोंदीपासून पुढे सुरू. आइनस्टाइनचं काम परत द्यायला सहसा १४ दिवस मिळतात, भारनियमनालाही पुरून उरतात. बिलाचंही लपवत नाही. प्रोसेसर पूर्ण ताणला तर शंभरेक वॅट जादा धरा, दहा तासांत एक युनिट. मे महिन्यात मराठवाड्यात मी कुणालाही हे दुपारी चालवायला सांगणार नाही. मशीन तापतं, पंखा भणभणतो आणि आधीच तापलेली खोली आणखी तापते. माझ्या केंद्रातल्या मशीनवर सेटिंग आहे ते रात्री दहा ते पहाटे पाच, आणि प्रोसेसरचा निम्माच वापर. फोनवरही बॉइंक चालतं, २०१३ पासून. फोन चार्जिंगला लावलेला, बॅटरी जवळजवळ भरलेली आणि वायफाय जोडलेलं असेल तेव्हाच ते हलतं. आमच्याकडे दहा घरांत एखादा संगणक असेल, फोन मात्र घरटी दोन-तीन आहेत.

यानं सगळं होईल असं मी म्हणत नाही. मान्सूनचं भाकीत यावर चालणार नाही. हवामानाच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) नकाशावरच्या प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनाचं उत्तर क्षणोक्षणी लागतं, आणि घरगुती नेटवर तेवढी वाट पाहत बसलं तर पाऊस पडून जाईल. त्यासाठी अर्काच हवा. पण तेच प्रतिमान थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातीनं हजारो वेळा चालवून हवामानबदलाचा अंदाज घ्यायचा असेल, तर एकेक फेरी एकेका घराला देता येते. ऑक्सफर्डच्या क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेटनं २००३ पासून हेच केलं. औषधांचे रेणू ताडून पाहणं, पल्सार शोधणं, गणितातल्या मूळ संख्या ही सगळी याच जातीची कामं.

आपल्याकडे हा विचार परकाही नाही. अमेरिकेनं क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, तो बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडूनच. पुढे सी-डॅकनं गरुड नावाची ग्रिड, म्हणजे संगणकांची साखळी, केली, पण ती संस्थांना जोडणारी. तिला घरापर्यंत येणारं दारच नव्हतं. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला २०१५ मध्ये ४,५०० कोटी मंजूर झाले, परम रुद्र महासंगणक आले, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही त्यातला एक मिळाला. छानच झालं. पण नागरिकाला या सगळ्यात उद्घाटनाची बातमी वाचण्यापलीकडे काम नाही.

तेव्हा मागणं असं आहे. सी-डॅक किंवा आयुका (पुण्याची खगोलशास्त्र संस्था) यांच्यापैकी एकीकडे कायमचा सर्व्हर आणि तो सांभाळणारी पाच-सहा माणसं द्या. घराघरांतून येणारी उत्तरं विश्वासाची कशी, असं शास्त्रज्ञ विचारतील. एकच काम दोन वेगळ्या संगणकांना देतात, उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याला, ही पद्धत बॉइंकमध्ये आधीपासून आहे. प्रोग्रॅमवर प्रकल्पाची डिजिटल सही असते. ती करणारी किल्ली इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर ठेवायची, हा नियम मात्र कडक पाळायला लावा. नाहीतर एका चोरीत लाखो घरं उघडी पडतील. आणि पहिलं काम म्हणून लायगोचा डेटा घ्या. औंढ्याचं यंत्र सुरू होईपर्यंत लोकांचा हात बसलेला असेल.

याहून निकडीचं आहे ते एक परिपत्रक. शाळा, तंत्रनिकेतनं, आयटीआय यांच्या प्रयोगशाळा संध्याकाळनंतर कुलूपबंद असतात. तिथला एखादा शिक्षक स्वतःच्या हिमतीवर हे चालवील, पण उद्या वीजबिलावर लेखापरीक्षणाचा आक्षेप आला तर भरायचे कुणी? ही नुसती भीती नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका तांत्रिक महाविद्यालयाच्या संगणक कर्मचाऱ्यानं कॉलेजच्या मशीनवर असाच एक प्रोग्रॅम परवानगीशिवाय टाकला आणि त्याच्यावर फौजदारी खटला झाला. २००२ मध्ये दंड आणि प्रोबेशनवर प्रकरण मिटलं. प्राचार्यांच्या लेखी संमतीनं, ठरलेल्या वेळेत, मान्यताप्राप्त वैज्ञानिक प्रकल्पच चालवता येतील आणि त्या विजेचा खर्च संस्थेच्या नियमित खर्चात धरला जाईल, एवढ्या दोन ओळी मंत्रालयाच्या कागदावर आल्या तरी पुष्कळ. सोबत बॉइंकच्या सूचना मराठीत आणि इतर भारतीय भाषांत द्या. आमच्या मुलांना इंग्रजी सेटिंग समजावताना निम्मा तास जातो.

सर्व्हरला वर्ष लागेल, हे मी समजू शकतो. परिपत्रकाला एवढा वेळ लागू नये. ते जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत पोचलं, की हिंगोलीतल्या शाळांमध्ये जाऊन हे बसवून द्यायचं काम मी आणि माझे माजी विद्यार्थी विनामोबदला करू.

आपला,
एक संगणक केंद्रचालक
जि. हिंगोली