जुना माल नवा म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन सुटे भाग विक्री विभाग

विषय : ६५०२ए प्रोसेसर, २७१२८ए ईप्रॉम व एक्स-२ कपॅसिटर जाहिरातीप्रमाणे नसल्याबद्दल

संदर्भ : माझी ऑर्डर, तिचे बिल आणि आपल्या ग्राहक सेवेशी झालेला ईमेल-व्यवहार

महोदय / महोदया,

आपल्याकडून मागवलेल्या मालातला एक आयसी (चिप) घासून, रंगवून भलत्याच नावाने विकलेला आहे. ईप्रॉम, म्हणजे प्रोग्राम साठवायच्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीच्या चिपा, वापरून झालेले आहेत. कपॅसिटर तर असे आहेत की ते सांगितलेल्या जागी लावले असते, तर आज हे पत्र मी वेगळ्या सुरात लिहिले असते. ग्राहक सेवेला ईमेल केले, फोटो पाठवले. उत्तरे वेळेवर आली, पण माझे पत्र कोणी वाचलेच नाही एवढेच त्यांवरून कळले. म्हणून आता आपल्याला सविस्तर लिहीत आहे.

माल कशासाठी हवा होता ते आधी सांगते, कारण ‘एवढ्या जुन्या मशिनला इतकं काटेकोर कशाला, मॅडम?’ असे आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारले होते. केंद्र सरकारने १९८४ साली ‘क्लास’ हा शालेय संगणक प्रकल्प सुरू केला. त्यातून निवडक शाळांना ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो मिळाले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्यांची जुळणी ‘युनिकॉर्न’ नावाने केली. आमच्या शाळेतही ते आले. मी गणित शिकवायचे आणि याच यंत्रांवर मुलांना बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषाही शिकवायचे. ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर. आज हे आकडे ऐकून हसू येते, पण ज्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी हे यंत्र घडवले, त्यांनीच पुढे एआरएम प्रोसेसर आखला. आपले प्रतिनिधी ज्या मोबाइलवरून माझ्याशी बोलत होते, त्यात बहुधा त्याचाच वंशज असणार.

शाळेच्या अडगळीच्या खोलीत यातले एक यंत्र आणि सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे डबे सापडले. फ्लॉप्यांवर मुलांनी लिहिलेले प्रोग्राम आहेत, शिक्षकांनी बनवलेले भूमितीचे पाठ आहेत. पावसाळ्यांनी त्यांना बुरशी चढली आहे, ती पुसण्याचे काम वेगळे चालू आहे. ‘एम्युलेटर वापरा’ असेही आपल्याकडून सुचवले गेले. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, माझ्या लॅपटॉपवर आहेच, पण फ्लॉपीवरचे आधी बाहेर तर यायला हवे! या फ्लॉप्या एकॉर्नच्या डीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीने, सिंगल डेन्सिटीत (माहिती विरळ मांडून) लिहिलेल्या आहेत, आणि बहुतेक पीसींचा फ्लॉपी कंट्रोलर ती डेन्सिटी वाचत नाही. फ्लॉपीवरचा सिग्नल जसाच्या तसा टिपणारी कार्डे हल्ली मिळतात, तीही आम्ही वापरणार आहोत. मात्र जे टिपले ते खरोखर चालते का, हे मूळ यंत्रावरच पाहायचे आहे.

आता प्रोसेसरबद्दल. बीबीसी मायक्रो चालू केला की आधी खालच्या सुरात घुमतो आणि लगेच वरच्या सुरात एक बीप देतो. आवाजाच्या आयसीला अजून कोणी आवरलेले नसते, तोवर तो घुमतो; प्रोसेसर कामाला लागला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला गप्प करते आणि बीप वाजवते. आमचे यंत्र नुसते घुमत राहायचे. पाच व्होल्ट बरोबर होते, क्लॉक होता, रीसेट ठीक होता. प्रोसेसर गेला होता. म्हणून आपल्या संकेतस्थळावर ‘नवीन, न वापरलेला, मूळ कंपनीचा, २ मेगाहर्ट्‌झ’ असे लिहिलेले दोन ६५०२ए मागवले.

त्यातला एक बेसमध्ये (आयसी खोचायच्या सॉकेटमध्ये) बसवला. यंत्र सुरू झाले, पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही ओळ आली, बीप वाजली. पाच-सात मिनिटांनी सगळे जागच्या जागी थिजले. बंद करून गार होऊ दिले की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. दुसरा आयसी लावला, तोही तसाच वागला. दुरुस्तीत याहून फसवा दोष नाही. आयसी मेलेला असता तर त्याच दिवशी कळले असते.

नवा प्रोसेसर लावला आहे असे धरून चालल्यावर संशय बाकीच्या बोर्डावर जाणारच. माझा एक जुना विद्यार्थी टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवतो, तो रविवारी येऊन मदत करतो. त्याने व्हिडिओ प्रोसेसर तपासला, कारण तो मुळातच तापतो. मग मेमरीचे आयसी एकेक करून काढले आणि तिथे बेस बसवले. चाळीस वर्षांच्या बोर्डावरचे तांबे सोल्डर वितळवण्याच्या उष्णतेने सुटते. एक ट्रॅक उखडला, तो बारीक तारेने जोडावा लागला. मेमरीत दोष नव्हताच. शेवटी दुसऱ्या एका शाळेतल्या बंद पडलेल्या बीबीसी मायक्रोमधला ६५०२ए उसना आणला. तो लावल्यावर यंत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही अडकले नाही.

त्यानंतर मी आपले आयसी भिंगाखाली घेतले. वर रॉकवेलचे चिन्ह आणि ०६१२ हा तारखेचा संकेत, म्हणजे २००६ सालचा १२वा आठवडा. रॉकवेलचा सेमीकंडक्टर विभाग १९९९ साली कोनेक्संट या नावाने वेगळा झाला. त्यानंतर सात वर्षांनी रॉकवेलचा शिक्का मारून ६५०२ कोण बनवत होते, हे आपल्या खरेदी विभागाला जरूर विचारा. दोन्ही आयसींवर संकेत एकच, पण उलटे करून पाहिले तर एकाच्या पोटावर साच्याचा गोल खळगा आहे, दुसऱ्याच्या नाही. पायांना चकचकीत नवा मुलामा आहे, पण मुळाशी जुन्या सोल्डरची काळपट कड तशीच राहिली आहे.

कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून एका आयसीच्या पाठीवर फिरवला. बोळा काळा झाला. अस्सल आयसीवरची शाई कधी कधी ॲसिटोनने जाते, हे खरे. पण प्लास्टिकचा काळा रंग कापसाला लागत नाही. रंग निघाल्यावर खाली एकाच दिशेने घासल्याचे ओरखडे दिसले, आणि ज्याने घासले त्याने घाई केली असावी, कारण तिरप्या उजेडात जुनी छपाई अंधुक वाचता येते : ६५०२, पुढे ‘ए’ नाही. ‘ए’ नसलेला ६५०२ हा १ मेगाहर्ट्‌झचा. तो दुप्पट वेगाने पळवला की गार असेपर्यंत कसाबसा चालतो आणि तापला की दम टाकतो. आमच्या यंत्रात नेमके हेच घडत होते.

हे सगळे फोटोंसह कळवल्यावर आपल्याकडून उत्तर आले की ग्राहकाने रसायन वापरून छपाई खराब केल्यामुळे परतावा लागू होत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचले. छपाई खोटी होती हे ज्यावरून सिद्ध झाले, तेच परतावा नाकारण्याचे कारण! दुसरा आयसी मी पुसलेला नाही. तो आपल्या माणसासमोर पुसायची माझी तयारी आहे.

त्याच उत्तरात आपल्या तांत्रिक विभागाने ‘सुधारित पर्याय’ म्हणून डब्ल्यू६५सी०२एस सुचवला होता, अर्थात वेगळे पैसे भरून. तो आयसी चांगला आहे, वेस्टर्न डिझाइन सेंटर तो आजही बनवते. पण त्याचा पहिला पाय आउटपुट आहे आणि जुन्या ६५०२चा पहिला पाय ग्राउंड आहे. बीबीसी मायक्रोच्या बेसमध्ये तो आहे तसा खोचला तर त्याचे आउटपुट थेट ग्राउंडला जाऊन बसेल. दोन डेटाशीट शेजारी उघडल्या असत्या तर पहिल्याच पायाला हे दिसले असते.

ईप्रॉमची गोष्ट याहून मजेशीर आहे, निदान मला नंतर हसू तरी आले. आमच्या यंत्रातला बेसिकचा रॉम (ती भाषा कायमची साठवलेला आयसी) खराब झाला होता. तो १६ केबीचा, म्हणून त्याच क्षमतेचे २७१२८ए मागवले. आपल्या जाहिरातीत ‘नवीन, कोरे’ असे आहे. कोऱ्या ईप्रॉममध्ये प्रत्येक बाइट एफएफ, म्हणजे काहीच न लिहिलेला, वाचला जातो. आपल्याकडून आलेल्यांपैकी बहुतेक तसे आहेत, म्हणजे कोणीतरी अतिनील दिव्याखाली ठेवून पुसलेले. काही मात्र पुसायचे राहून गेले. त्यातला एक वाचला तर आतून मजकूर निघाला : ‘रेट’, ‘अमाउंट’, ‘लीटर्स’, ‘प्रिंटर नॉट रेडी’. हा आयसी कुठल्यातरी पेट्रोल पंपावर उभी हयात काढून माझ्यासारखाच निवृत्त झालेला दिसतो.

शिवाय यांवर छपाई एसटी कंपनीची आहे. ईप्रॉमच्या ए९ या पायावर १२ व्होल्ट दिले की तो आपल्या उत्पादकाचा संकेत सांगतो. एसटीचा संकेत २०. यातले काही ८९ सांगतात, आणि तो इंटेलचा आहे. म्हणजे इथेही वरचे नाव पुसून दुसरे लिहिलेले आहे. हे ईप्रॉम मी पुसून वापरलेले नाहीत, कारण ते पुसले तर पुरावाही पुसला जाईल.

तिसरा माल स्वस्तातला, पण आपण सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये विजेच्या मुख्य जोडणीवर फिल्टर कपॅसिटर असतात. जुन्यांचे कवच वयाने तडकते, ओल आत शिरते आणि एक दिवस ते घरभर धूर करतात. हे यंत्र दुरुस्त करणारा कोणीही ते सर्वांत आधी बदलतो. मी ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे ‘एक्स-२, २७५ व्होल्ट एसी’ मागवले. पाकिटावरचे लेबल तेच आहे, पण आत निघालेल्या कपॅसिटरवर ‘४०० व्होल्ट डीसी’ एवढेच छापलेले आहे. एक्स-२ची खूण नाही, कुठल्याही सुरक्षा मानकाचा शिक्का नाही.

२३० व्होल्ट एसीचे टोक सुमारे ३२५ व्होल्टचे असते, म्हणून ४०० पुरेसे वाटेल, असे कोणी म्हणू नये. वीज जाऊन परत येताना, शेजारी मोटर सुरू होताना लाइनवर याच्या कितीतरी पट उसळी येते. एक्स-२ कपॅसिटर अडीच हजार व्होल्टपर्यंतची उसळी सोसेल अशा चाचणीतून गेलेला असतो आणि निकामी झालाच तरी पेट घेऊ नये अशी त्याची रचना असते. साध्या डीसी कपॅसिटरला यातले काही बंधन नाही. मी छापलेले वाचून बाजूला ठेवले. सगळेच वाचतील असे नाही. तेव्हा माझे पैसे परत करण्याच्या आधी हा माल विक्रीतून काढा आणि ज्यांनी तो घेतला आहे त्या सर्वांना कळवा.

माझी तक्रार जुन्या मालाविरुद्ध नाही, हे मुद्दाम लिहिते. ६५०२एसारखे आयसी आता जुनेच मिळायचे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ दुकानदार सरळ सांगतो, ‘ताई, काढलेला माल आहे, चालला तर चालला,’ आणि किंमतही तशीच लावतो. तसा आयसी मी आनंदाने घेते आणि लावण्याआधी तपासते. आपण ‘वापरलेला, न तपासलेला, वेग माहीत नाही’ असे लिहिले असते तरी मी कदाचित घेतला असता. मेमरीचे आयसी मात्र उपटले नसते.

माझ्या मागण्या अशा आहेत. संपूर्ण ऑर्डरची रक्कम कुरिअर खर्चासह परत करावी. बोर्डाच्या अनावश्यक दुरुस्तीचा खर्च द्यावा. त्याचे बिल सोबत आहे आणि माझ्या विद्यार्थ्याने मजुरी लावलेली नाही, फक्त सामानाचे पैसे लावले आहेत. तिन्ही वस्तूंच्या जाहिराती दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवाव्यात आणि हा माल आपल्याकडे कोणत्या पुरवठादाराकडून आला ते मला लेखी कळवावे. ‘पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन’ आपण देऊ केले होते. ते मला नको आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे आवश्यक आहे. सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. मुदतीत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मला माझ्याच जिल्ह्यात दाद मागता येते, त्यासाठी आपल्या शहरात यावे लागत नाही.

माल न्यायला कुरिअर पाठवाल तेव्हा दोन दिवस आधी कळवावे. दोन्ही प्रोसेसर, न पुसलेले ईप्रॉम आणि कपॅसिटरचे एक पाकीट निकाल लागेपर्यंत माझ्याकडेच राहतील. बाकी सर्व बांधून ठेवले आहे.

कळावे.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी ऑर्डरप्रमाणे)

सोबत : बिलाची प्रत, ईमेलच्या प्रती, आयसींचे पुसण्याआधीचे व नंतरचे फोटो, ईप्रॉममधून वाचलेल्या मजकुराची छापील प्रत, कपॅसिटर व पाकिटाचे फोटो, बोर्डाच्या दुरुस्तीचे बिल.