सॅन होजेच्या बान मीवाल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे. तुमची सून फोनवर भाषांतर करून वाचून दाखवील, त्यात काही वेडंवाकडं आलं तर हसून सोडून द्या. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण कॅलिफोर्नियातल्या या सॅन होजेत दर उन्हाळ्यात आई-वडील, सासू-सासरे मुक्कामाला येतात अशी मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांनाही तुमच्याबद्दल कळायला हवं.

स्टोरी रोडच्या बाजूला राहायला आलो तेव्हापासून मी तुमच्याकडे येते. व्हिएतनामबाहेर दुसऱ्या कुठल्याही एका शहरात नसतील इतके व्हिएतनामी लोक या गावात राहतात, त्यामुळे बान मीची, म्हणजे व्हिएतनामी सँडविचची, दुकानं पावलोपावली. मी तुमच्याकडे टिकले ती पावामुळे. वरचं कवच पातळ, दाबलं की करकर वाजणारं, आणि आत जवळजवळ हवाच. फ्रेंचांचा लांब कडक पाव, बगेत, खाताना टाळू सोलवटतो, तुमच्या पावाचा तसा जाच नाही. कॉफीबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही: कंडेन्स्ड मिल्क निम्मं घाला.

गेल्या जुलैत सासू-सासरे आले. आषाढी झाली आणि सासूबाईंचा चातुर्मास लागला. कांदा बंद, लसूण बंद, वांगं बंद. अंडं तर त्यांनी जन्मात खाल्लेलं नाही. घरी कशाचंच अडत नव्हतं. मग सासरे बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. (प्रवासी विम्याबद्दल इथे लिहीत नाही. त्याला वेगळं पत्र लागेल, आणि ते आभाराचं नसेल.) सासूबाई त्यांच्या खाटेजवळून हलेनात. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये व्हेजिटेरियन म्हणून जे मिळे त्यात कांद्याची पूड हटकून असे, आणि भाज्यांच्या सुपात कोंबडीचं पाणी. विचारलं तर 'काढून देतो' म्हणत, म्हणजे वर दिसणारे तुकडे चमच्यानं उचलून देत. सासूबाई केळी आणि दह्यावर राहिल्या. ऑफिस, मुलीची शाळा आणि हॉस्पिटल यांत माझा डबा रोज वेळेवर पोचेना. त्या 'मला भूकच नाही गं' म्हणायला लागल्या, तेव्हा मला धडकी भरली.

अशाच एका सकाळी मी कॉफीसाठी तुमच्या दारात उभी होते. चेहरा असा का, म्हणून तुम्ही विचारलंत. मी सगळं सांगितलं आणि शेवटी पथ्यांची यादी दिली: मांस नाही, मासे नाहीत, फिश सॉस नाही, अंडं नाही, आणि हो, कांदा-लसूणही नाही. ही यादी म्हणताना मी नेहमी ओशाळते. ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी मला आता पाठ झाली आहे. तुमच्या कपाळावर काहीच उमटलं नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "रोज? की फक्त एक आणि पंधराला?"

मला काही कळेना. मग काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. तुमच्या चांद्र महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी, म्हणजे अमावास्येला लागून एक दिवस आणि दुसरा पौर्णिमेचा, असे दोन दिवस बौद्ध घरांत शाकाहार पाळतात. विहारात तर कांदा, लसूण, पात यातलं काहीही शिजत नाही. तुमच्या सासूबाई ते आयुष्यभर पाळत होत्या. मी म्हटलं, "रोज. चार महिने." तुम्ही मान डोलावलीत आणि हातमोजे बदललेत.

ते हातमोजे बदलणं मी विसरणार नाही. पाठोपाठ तुम्ही मागच्या कपाटातून वेगळी फळी आणि वेगळी सुरी काढलीत. पाव भट्टीत गरम करून एका बाजूनं चिरलात, दुसरी बाजू जोडलेली ठेवून. रोज एका अंगाला अंड्याचं पिवळं लोणी आणि दुसऱ्या अंगाला लिव्हरचं मऊ वाटण लागतं, तिथे दोन्हीकडे अव्होकाडो चोपडलात. टोफू गवती चहा, मिरची आणि सोया सॉसमध्ये मुरवलेला. लसणाचा घाणा तव्यावर पडण्याआधी, सकाळचा पहिला. गाजर आणि पांढऱ्या मुळ्याचं आंबटगोड लोणचं बरणीतून काढून मुठीत दाबून निथळवलंत, त्यातही बोट घालून चाखलंत आणि मला म्हणालात, "व्हिनेगर, साखर, मीठ. बाकी काही नाही." काकडीची लांब फोड, देठांसकट कोथिंबीर, हालापेन्योच्या चकत्या. मिरची घालू का, असं तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी पहिल्यांदा हसले असेन. सासूबाईंना मिरची चालते का! मग कागद, वर रबर, आणि कागदावर पेनानं एक फुली, दुसऱ्याच्या पिशवीत जाऊ नये म्हणून.

सासूबाईंनी आधी अव्होकाडोकडे संशयानं पाहिलं. "ही हिरवी चरबी कसली?" मी सांगितलं, फळ आहे. मग त्यांनी खाल्लं. सगळं. चादरीवर इतका चुरा सांडला की नर्सनं झटकायला मदत केली. निकाल असा लागला: लोणचं जरा गोड आहे, पाव चावायला जोर लागतो, पण उद्याही आणलंस तरी चालेल. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षं लागली.

सासरे घरी येईपर्यंत ते फुलीचं पुडकं रोज सकाळी काउंटरवर तयार असायचं. मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं तरी तुम्ही फळी बदलल्याशिवाय सुरीला हात लावला नाहीत. तुमचा मुलगा मला लांबूनच "नो एग, नो अनियन!" अशी हाक मारायचा, आणि रांगेतले लोक ते माझं नाव समजायचे. शुक्रवारी तुम्ही न मागता दुसरं सँडविच टाकायचात. "तू पण खा," एवढंच म्हणायचात. ते साधं होतं, अंड्याच्या लोण्याचं. मी गाडीतच बसून खायचे.

काकांनी एकदा कॉफी गाळताना सांगितलेली गोष्ट मला तेव्हा नुसती ऐकायला बरी वाटली होती. व्हिएतनाममध्ये पाव फ्रेंचांबरोबर आला, पण बराच काळ तो ताटात वेगळा, मांस वेगळं, लोणी वेगळं, असं बसून खायची रीत होती. १९५४ साली देशाचे दोन भाग झाले आणि उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत आले, काकांचे आई-वडीलही त्यांतच. उत्तरेतूनच आलेल्या एका जोडप्यानं १९५८ साली सायगॉनमध्ये होआ मा नावाचं दुकान काढलं. कामाला निघालेल्या माणसाला बसून खायला सवड नसते हे त्यांनी पाहिलं आणि सगळं पावातच भरून हातात द्यायला सुरुवात केली. पुढे एप्रिल १९७५ मध्ये सायगॉन उत्तरेच्या फौजांच्या हाती पडलं, आणि काका लहानपणी कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर निर्वासितांच्या तंबूत येऊन राहिले. तिथे आई कुठलंही अन्न आधी हुंगून मगच पोरांना द्यायची, असं ते म्हणाले. हॉस्पिटलच्या खुर्चीत, एका हातानं नवऱ्याचं पांघरूण धरून दुसऱ्या हातानं खाणाऱ्या सासूबाईंना पाहिलं तेव्हा त्या सायगॉनच्या जोडप्याची अक्कल मला पटली. चमचा नाही, ताट नाही, जागेवरून उठायला नको.

सासरे आता काठी घेऊन चालतात. दोघं परत गेले, आणि सासूबाई तिकडे गाजर-मुळ्याचं लोणचं घालतात. साखर कमी करून, अर्थात. तुमच्याइतकं करकरीत होत नाही, म्हणून त्यांची विचारणा आहे: मुळ्याला मीठ चोळून किती वेळ ठेवायचं, आणि पिळून काढायचं की धुऊन? सुनेला सांगून दोन ओळी लिहून द्या.

आणखी एक काम. येत्या शनिवारी आमच्याकडे लोक जमणार आहेत. टोफूची वीस हवीत, सहा फुलीवाली. सकाळी दहाला न्यायला येते. दोनावर एक फुकट हा हिशोब या वेळी लावू नका, पूर्ण विसाचे पैसे घ्या. नाहीतर मी काकांच्या डब्यात टाकून जाईन आणि मग तुम्ही दोघं भांडाल.

तुमची,
नो एग, नो अनियन