आवाज थांबले, वेग आला नाही

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. संजूला आवाज ऐकू येणं बंद झालंय, गोळ्या नियमित आहेत, तरी तीन वस्तू आणायला सांगितल्या की एकच आणतो आणि काकू त्याला आळशी म्हणतात. आळस नाही रे. आवाज आणि संशय हा स्किझोफ्रेनियाचा एक भाग. लक्ष, स्मरण आणि विचारांचा वेग हा दुसरा. गोळ्यांचा गुण पहिल्यावर येतो, दुसऱ्यावर फारसा नाही.

‘बुद्धी अशीच घटत जाणार का?’ न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या लहानपणी झाल्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या ३८व्या वर्षी पुन्हा. ज्यांना स्किझोफ्रेनिया झाला, त्यांची भाषेची बाजू लहानपणीच थोडी मागे होती, पण पुढे घसरली नाही. वेग मात्र शाळेच्या वयापासूनच हळूहळू मागे पडत गेला. म्हणजे घसरण आजार दिसण्याआधीच सुरू होते. पुढे बहुतेकांची पातळी बरीचशी स्थिर राहते. तेव्हा खापर गोळ्यांवर फोडू नका.

एका गोळीबद्दल मात्र विचारा. आजाराच्या गोळ्यांमुळे येणारी हाताची थरथर, ताठरपणा यांसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी देतात आणि पुष्कळदा ती वर्षानुवर्षं तशीच चालू राहते. तिने स्मरण मंदावतं. संजूला अजून तिची गरज आहे का, डोस उतरवता येईल का, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. परस्पर बंद करू नका. थायरॉईड आणि बी-१२ही तपासून घ्या.

चाचणी करायची तर नुसता बुद्ध्यंक मागू नकोस. शब्दसंग्रह चांगला आणि वेग कमी असला, तर सरासरीत दोन्ही झाकले जातात. अंकांखाली ठरलेली चिन्हं भराभर लिहायची एक चाचणी असते, दीड-दोन मिनिटांची. या आजारातली गडबड तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसते. झोप नीट झालेल्या दिवशीच न्या.

घरी एका वेळी एकच काम सांगा. यादी त्याच्याच हाताने लिहून घ्या, नेहमी त्याच खिशात ठेवू द्या. प्रश्न विचारला की मनात दहा अंक मोजा. काकू लगेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारत असतील, तर त्याला पहिला टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते. आणि ‘आठव बघू’ तर नकोच! अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात पक्कं बसतं. उत्तर सांगून टाका, मग त्याच्याकडून म्हणवून घ्या.

मोबाईलवरच्या कोड्यांनी माणूस कोड्यांतच हुशार होतो. खरं बौद्धिक प्रशिक्षण म्हणजे मानसशास्त्रज्ञासोबत आठवड्यातून दोन-तीन बैठका, काही महिने, आणि शिकलेली युक्ती लगेच खऱ्या कामात वापरणं. फरक थोडा ते मध्यम पडतो, तोही सोबत काम असेल तर जास्त. म्हणून संजूसाठी गर्दीचा काउंटर नको. एकाच क्रमाने चालणारं काम, सुरुवातीला अर्धा दिवस, बघ.

चाचणीचा रिपोर्ट आला की पाठव.

तुझा,
अनिल