तुळशीची माळ जपणाऱ्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचा नंबर घ्यायचा राहिला. कळव्यात कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेल, या आशेवर उघड पत्र लिहितेय.

आई दवाखान्यात होती तेव्हा ‘काही लागलं तर कळव’ म्हणणारे चिक्कार होते. कळवलं की त्यांचे फोन लागत नसत. एक गृहस्थ धर्म सांगायलाही येऊन गेले. न विचारता आईच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली, उशाशी पत्रकं ठेवली आणि पुढच्या खाटेकडे वळले. तिचं नावसुद्धा विचारलं नाही. धर्मप्रचाराचं स्वातंत्र्य संविधानाच्या कलम २५ मध्ये आहे, मान्य. पण आजारी माणसाला जरा विचारावं की नाही?

तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या सुनेसोबत असायचात. लोकांच्या घरच्या पोळ्या लाटून थेट तिथेच यायचात. तपासणीला नेताना आईच्या गळ्यातली तुळशीची माळ काढायला लावली. कुणीतरी ती रिकाम्या इंजेक्शनांच्या ट्रेमध्ये टाकली. तुम्ही ती उचललीत, पदराने पुसलीत, धुतलेल्या रुमालात बांधलीत आणि आई परत येईपर्यंत मांडीवर घेऊन बसलात. मग स्वतःच्या हातांनी तिच्या गळ्यात घातलीत. गाठ मानेला टोचू नये म्हणून ती पुढे सरकवलीत. बाकी तुम्ही खूप केलंत, पण मला आठवते ती ही गाठ.

“तू चर्चवाली ना गं? मग माझी माळ कशाला जपलीस?” आईने थेट विचारलं.

“तुम्हाला विठोबा तसा मला येशू. दुसऱ्याचं जपायला त्यानंच शिकवलं,” तुम्ही म्हणालात. आणि तिने विचारलं म्हणून पुढचं सांगितलंत: नवरा गेल्यावर नगरहून लेकरं घेऊन आलात, तेव्हा कशाच्या बळावर तगलात ते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत, हेही तुमच्याकडूनच कळलं. तुकोबांचं नाव निघाल्यावर आई उठूनच बसली!

हे सांगणं चर्चच्या पाळकांचं काम नाही का, असं मी विचारलं. तुम्ही हसलात. “ते रविवारी सांगतात. बाकीचे सहा दिवस लोकांत आम्हीच असतो.” मग बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं सांगितलंत, की आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असावं, पण सौम्यपणे.

आई वारकरीच आहे, तुम्हीही तिला दुसरं काही व्हायला सांगितलं नाहीत. तुमच्यामुळे आमच्या घरात येशूचं नाव प्रेमाने निघतं, एवढं मात्र खरं.

आता कोपरीला जेवायला या, उपासना आटोपून. लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट तुम्ही सांगितलीत, त्यावर आईचं भांडण तयार आहे. सगळं उधळून घरी परतलेल्या धाकट्यासाठी बापाने वासरू कापलं ते ठीक, पण राब राब राबणाऱ्या थोरल्याचं काय चुकलं, हे तिला तुमच्याकडूनच ऐकायचंय.

तुमची,
खाट नंबर अकराची लेक