ताईला बाहेर पाठवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

माझ्या पोटावरच्या शस्त्रक्रियेला आता 7 महिने झाले. टाके केव्हाच निघाले, व्रणाची लाली उतरत आली आहे आणि खाली वाकून चपलेचा पट्टा लावताना पोटाची घडी मध्ये येत नाही, याचे अप्रूप अजूनही संपलेले नाही. तरीही हे पत्र मी शस्त्रक्रियेबद्दल लिहीत नसून, ती करायला तुम्ही नकार दिलात त्या दिवसाबद्दल लिहीत आहे.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी दुसरीकडे आगाऊ रक्कम भरून बसले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. 34 किलो वजन उतरवल्यानंतर पोटावर लोंबणारी कातडी आणि तिच्याखाली सतत उठणारे पुरळ यांना मी इतकी कंटाळले होते, की जो कुणी लवकरची तारीख देईल तोच मला देवमाणूस वाटला असता. तिथे तारीख 9 दिवसांनंतरची मिळाली. पोटाबरोबर स्तनांचे आणि मांड्यांवरच्या चरबीचे कामही एकाच बैठकीत उरकून घ्या, महिनाअखेरपर्यंत सवलत आहे, असे तिथल्या समुपदेशकाने सांगितले. सर्जनशी भेट 5 मिनिटांची झाली. माहितीचा फॉर्म त्या समुपदेशकानेच भरला आणि धूम्रपानाचा रकाना आला तेव्हा, 'तुम्ही ओढत नसालच,' असे हसून म्हणत माझ्या वतीने 'नाही' वर खूणही करून टाकली. मी काही बोलले नाही. भूल कोण देणार आणि काही बिघडले तर रुग्णाला कुठे हलवणार, हे दोन प्रश्न ताईने विचारले, त्यांना 'काही होत नाही हो, संध्याकाळी घरी जाल' एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तरामुळेच ताईने मला हाताला धरून तुमच्याकडे आणले.

तुम्हीही तोच प्रश्न विचारलात. मीही सवयीने 'नाही' म्हणाले. पण तुम्ही ते लिहून घेतले नाही. तुमचे पेन कागदावर टेकलेले होते, हलले मात्र नाही, आणि माझी नजर क्षणभर ताईकडे गेली ती बहुधा तुम्ही टिपली असावी. तुम्ही ताईला अगदी सहज म्हणालात, 'बाहेरच्या खिडकीवर यांचा जुना रिपोर्ट आला आहे का, तेवढे बघून येता का?' ताई उठून गेली. दार बंद झाल्यावर तुम्ही तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच आवाजात पुन्हा विचारलात, आणि 11 वर्षे घरात कुणालाही कळू न दिलेली गोष्ट मी तुम्हाला सांगितली. रोजच्या 5, कधी 6 सिगारेटी. तुमच्या चेहऱ्यावर ना आश्चर्य दिसले, ना नापसंती. तुम्ही आकडा लिहून घेतलात.

मग तुम्ही माझा अंगठा हातात घेऊन नख दाबलेत. ते पांढरे पडले. सोडताच गुलाबी झाले. 'हा रंग परत येणे म्हणजे रक्त परत येणे,' असे म्हणून तुम्ही समजावलेत, की या शस्त्रक्रियेत पोटाची कातडी खालच्या स्नायूंपासून सुटी करून उचलावी लागते, तेव्हा तिला रक्त पुरवणाऱ्या अनेक वाहिन्या तुटतात, आणि उरलेल्या मोजक्या वाहिन्यांवर त्या कातडीला जगायचे असते. निकोटीन नेमक्या त्याच वाहिन्या आकसवते. मग जखमेच्या कडा काळ्या पडतात, टाके उसवतात, कधी कातडीचा तुकडाच मरतो, आणि ज्या पोटासाठी एवढा खटाटोप केला तिथे महिनोन्महिने ड्रेसिंग करत बसावे लागते. इतके सरळ मला आजवर कुणीच सांगितले नव्हते.

त्यानंतर तुम्ही शस्त्रक्रियेला नकार दिलात, म्हणजे निदान तेव्हापुरता. किमान 4 आठवडे आधी आणि तितकेच नंतर निकोटीनचा अंशही नको, ई-सिगारेट नको, आणि सवय सोडताना सुरुवातीला घेतलेले निकोटीनचे च्युइंगम किंवा पट्ट्यासुद्धा त्या काळात नकोत, असे तुम्ही बजावलेत. शब्दावर विसंबून न राहता लघवीची तपासणी करणार असल्याचेही आधीच सांगितलेत, त्याचा मला राग आला होता. आज कबूल करते की तिसऱ्या आठवड्यात मला केवळ त्या तपासणीनेच वाचवले.

एकदा खरे बोलायला सुरुवात झाल्यावर बाकीचेही बाहेर आले. मी घेत असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन होते, आणि मावशीला बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी झाली होती. पायात झालेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो, आणि सौंदर्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी पोटाच्या या शस्त्रक्रियेत तो धोका विशेष असतो, हे मला तुमच्याकडे कळले. भूल जितकी लांबते तितका तो वाढतो, म्हणून सवलतीतली ती तीन कामांची बैठक तुम्ही एका वाक्यात निकालात काढलीत. गोळ्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने बदलल्या. मी आपल्या मनाने घेत असलेल्या माशाच्या तेलाच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलही रक्तस्राव वाढवू शकतात म्हणून बंद झाल्या. यातली एकही गोष्ट लपवावी असे मला कधी वाटले नव्हते. कुणी विचारलीच नव्हती.

11 आठवड्यांनी मी टेबलावर आडवी झाले तेव्हा भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांनी माझे नाव, कोणती शस्त्रक्रिया आणि कशाची ॲलर्जी हे सारे पुन्हा विचारले. चौथ्यांदा तेच, म्हणून मला हसू आले होते. नंतर वाचनात आले, की जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी अशी पडताळणी करण्यासाठी 19 मुद्द्यांची यादी आणली, आणि 8 रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. माझे हसू मी मागे घेते.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला कंबरेत वाकलेल्या अवस्थेतच दहा पावले चालवलेत, आणि पुढे रोज फेरीला आलात की पोटाआधी पोटऱ्या दाबून पाहिल्यात. सगळे निर्विघ्न पार पडले असेही नाही. दहाव्या दिवशी व्रणाच्या मधोमध नाण्याएवढी जागा उघडली आणि भरायला 3 आठवडे लागले. असे होऊ शकते, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितले होते, त्यामुळे मी घाबरले नाही. सिगारेट ओढत असते तर ती जागा केवढी झाली असती, हा विचार मात्र त्या तीन आठवड्यांत रोज मनात आला.

तुमचे कौशल्य मोठे आहेच, पण कुशल हात पैसे मोजून इतरत्रही मिळाले असते. समोरच्याला खोटे बोलावे लागू नये म्हणून त्याच्यासाठी चार मिनिटांचा आडोसा उभा करणे, आणि आपण तसे केले हे त्याला जाणवूही न देणे, हा सभ्यपणा कोणत्याही फॉर्मच्या रकान्यात मावत नाही. मला खोटे पाडणे तुम्हाला सोपे होते. खिशातल्या लायटरवर किंवा बोटांच्या पिवळेपणावर बोट ठेवले असते तर मी चिडून उठले असते आणि 9 दिवसांनी त्या दुसऱ्या टेबलावर जाऊन झोपले असते. माणसाची लाज राखून त्याच्याकडून खरे काढून घेणारे लोक मला याआधी फार थोडे भेटले. त्यात डॉक्टर एकही नव्हता.

पत्र सर्वांसमोर ठेवण्याआधी मी ते ताईला वाचायला दिले, कारण सिगारेटीची गोष्ट तिला इतरांकडून कळावी असे मला वाटत नव्हते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने मागे जाऊन एक परिच्छेद पुन्हा वाचला आणि विचारले, 'म्हणजे तो जुना रिपोर्ट नव्हताच? मी त्या खिडकीवरच्या मुलाशी भांडले होते!'

त्या मुलाला तिचा निरोप द्यावा, एवढी विनंती.

आपली,
अंगठ्याचे नख अजूनही दाबून पाहणारी एक रुग्ण